कुंद्याचं गाडगं आणि न बसलेलं झाकण

पार्श्वभूमी

बेळगावातल्या एका खासगी डिझाइन महाविद्यालयात मी आठवड्यातले तीन दिवस वस्तुरचना शिकवते. आमच्या वर्गात मुलं एकमेकांना गावाच्या नावानं हाक मारतात. अथणी, संकेश्वर, चंदगड, असा सगळा हजेरीपट. ज्या मुलीबद्दल लिहितेय तिला इथं 'निपाणी' म्हणू. ती निपाणीची नाही, एवढं सांगितलं की पुरे. लिहायची परवानगी देताना तिनं एकच अट घातली: आकडे बदलायचे नाहीत. ते बदललेले नाहीत.

पहिल्या वर्षी आम्ही हातानं करायची चार कामं देतो. आयव्हरी कार्डाचा दहा सेंटिमीटरचा घन, तारेचा सांगाडा, सनबोर्डची खोकी आणि शेवटी प्लास्टर ऑफ पॅरिसच्या साच्यातून काढलेली साबणदाणी. चारही कामांत निपाणीचा हात वर्गात उजवा होता. घन करताना कार्डाची जाडी घडीत जाते, म्हणून रेघ अर्धा मिलिमीटर आत घ्यायची, हे तिनं कुणी न सांगता ओळखलं. साबणदाणीचे दोन भाग तिनं जुळवले तेव्हा सांध्यात नख जाईना. मी ती साबणदाणी पुढच्या तुकडीला दाखवायला कपाटात ठेवून घेतली. ही साबणदाणी लक्षात ठेवा, पुढं तीच आडवी येणार आहे.

दुसऱ्या वर्षी काम मोठं असतं. जिल्ह्यातलं एक साहित्य निवडायचं, त्यातून रोज वापरता येईल अशी वस्तू करायची, आणि एकसारखे बारा नग मांडायचे. नियम एकच: नग स्वतःच्या हातानं केलेले हवेत. कुणी गोकाकच्या खेळण्यांचं लाकूड घेतलं, कुणी अथणीचं चपलेचं चामडं, एकानं वडगावच्या मागावरची उरलीसुरली सुतं आणली. निपाणीनं खानापूरची माती घेतली. ही माती मडक्यांना आणि कौलांना नावाजलेली, आणि खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी केंद्रीय संस्थाही खानापुरातच. बसनं जेमतेम तासाभराचा रस्ता.

वस्तू तिनं घरच्या अनुभवातून निवडली. बेळगावातून कुणीही पाहुणा निघाला की हातात कुंद्याचं, इथल्या दुधाच्या मिठाईचं, खोकं असतंच. पुठ्ठ्याचं खोकं, आत प्लास्टिकचा कागद, आणि पुण्याला पोचेपर्यंत तुपानं काळपट झालेला तळ. १ जुलै २०२२ पासून मिठाईच्या खोक्यांवर गुंडाळायच्या प्लास्टिकच्या फिल्मवर देशभर बंदी आली, तेव्हा दुकानदार काही दिवस बावरले आणि मग जमेल तशी वाट काढत राहिले. तिचं म्हणणं सरळ होतं: पाव किलो कुंद्याला झाकणाचं मातीचं गाडगं करू. कुंदा संपला की त्यात विरजण लावता येईल.

चित्र सुरेख होतं. आतला व्यास ८ सेंटिमीटर, आतली उंची ५.५ सेंटिमीटर, आणि झाकण काठाच्या आत अलगद उतरून वरून सपाट बसणारं, भोवती एक मिलिमीटरची फट. मी वहीत 'छान, पुढे जा' असं लिहिलं. तारीख ११ जुलै.

अडचण नेमकी कुठं होती

माती आटते. हे वाक्य वर्गात सगळ्यांना पाठ होतं, मलाही. ओल्या मातीत कणांच्या मध्ये पाणी असतं. ते उडून गेलं की कण जवळ सरकतात, आणि भट्टीत तापल्यावर आणखी सरकतात. निपाणीनं नंतर काढलेल्या मापाप्रमाणं या मातीची १० सेंटिमीटरची रेघ वाळल्यावर ९.३ आणि भाजल्यावर ९ सेंटिमीटर भरली. म्हणजे लांबीत दहा टक्के.

दहा टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण गाडगं तिन्ही दिशांनी आटतं. नव्वद टक्क्यांचा तीनदा गुणाकार केला की ७२.९ उरतात. चित्रातल्या गाडग्यात २७६ मिलिलिटर मावत होतं, भाजून निघालेल्यात २०१. पाव किलो कुंद्यासाठी केलेल्या भांड्यात जेमतेम दोनशे ग्रॅम बसणार होता, आणि हे आम्हा दोघींना ऑगस्टच्या शेवटी कळलं. गिऱ्हाइकाला पन्नास ग्रॅम कमी देणारं भांडं! दुकानदाराला आवडलं असतं म्हणा.

पाठ असूनही हे चुकलं कसं, याचं उत्तर मला त्या चार कामांत सापडतं. कागद आटत नाही. तार आटत नाही. सनबोर्ड तर नाहीच नाही. प्लास्टर ऑफ पॅरिस धरताना गरम होतं आणि उलट किंचित फुगतं, म्हणूनच साच्यातले बारीक कोपरेसुद्धा त्यात नेमके उठतात. वर्षभर आम्ही मुलांना जी साहित्यं दिली ती सगळी सांगितल्या मापाला उभी राहणारी होती. आखलं तेवढं मिळतं, अशी सवय त्यांच्या बोटांना आम्हीच लावली. ज्या मुलीच्या सांध्यात नख जात नव्हतं, तिला ती सवय सगळ्यात पक्की लागली होती.

दुसरी अडचण आभाळाची. आमचं सत्र जुलैत सुरू होतं आणि ज्युरी, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडायचा दिवस, ऑगस्टच्या शेवटी असते. खानापूरच्या पश्चिमेला घाट आहे, मलप्रभा तिथं कणकुंबीला उगम पावते, आणि त्या पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये दोरीवर टाकलेला टॉवेल तीन दिवसांत वाळत नाही. कुंभारांची मडकी मे महिन्यात होतात. पावसाळ्यात त्यांच्या शेडमध्ये गणपती असतात. हे वेळापत्रक त्यांनी हौसेनं आखलेलं नाही. आमचं मात्र कुणीतरी कार्यालयात बसून आखलं होतं.

पहिली भेट, आणि न ऐकलेली गोष्ट

१६ जुलैला निपाणी चित्र घेऊन खानापूर तालुक्यातल्या एका कुंभारवाड्यात गेली. तिथल्या कारागिरांना ती मामा म्हणते, मीही तेच म्हणते. मामांनी चित्र उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "झाकण आत कशाला बसवतीस, पोरी? वर परळ पालथा घाल की. आत बसलेलं झाकण एक तर अडकतंय, न्हाईतर पडतंय."

परळ म्हणजे पसरट मातीची बशी. पालथा घातला की तो काठाच्या बाहेर येतो, त्यामुळं दोन-चार मिलिमीटर इकडचं तिकडं झालं तरी काही बिघडत नाही. वर दोरा बांधला की झालं. मडक्याच्या झाकणाचा प्रश्न या माणसांनी कधीच सोडवलेला होता, आणि उत्तर समोर फळीवर ओळीनं मांडलेलं होतं.

निपाणीनं ते वहीत लिहिलं. शेजारी तिची शेरा मारायची पद्धत आहे, तिथं लिहिलं: 'दिसायला जड. पारंपरिक वाटेल.' दुसऱ्या दिवशी मला दाखवलं, आणि मीही मान डोलावली. ज्युरीत 'पारंपरिक' हा शब्द कौतुकाचाही असतो आणि टोमण्याचाही. आम्ही दोघींनी टोमणा गृहीत धरला.

मामांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती: झाकण भांड्यावरच वाळवायचं, आणि भट्टीतही शक्यतो जोडीनंच जाऊ द्यायचं. म्हणजे दोघं एकत्र आटतात, वाकले तरी एकत्र वाकतात. ही ओळ वहीत आहे. तिच्याखाली रेघ मात्र नाही.

समोर असलेले पर्याय

घडण कशी करायची, यावर वर्गात अर्धा तास चर्चा झाली. मामांना चाकावर काढायला सांगितलं असतं तर दोन तासांत वीस गाडगी झाली असती, पण 'स्वतःच्या हातानं' हा नियम मोडला असता. निपाणीनं स्वतः चाक शिकायचं म्हटलं तर दीड महिन्यात एकसारखे बारा नग निघणं कठीण. वळ्या लावून करणं शक्य होतं, पण वळ्यांच्या भिंतीत जाडी सारखी राखायला हात मुरावा लागतो. चौथा पर्याय प्लास्टरच्या साच्यात माती दाबायचा. प्लास्टर तिच्या ओळखीचं. साचा पाणी शोषून घेतो, माती सुटी होते, नग एकसारखे निघतात.

तिनं साचा घेतला, आणि त्या दिवशी मीही तोच सुचवला असता. आता मागं वळून पाहिलं तर तो पर्याय नियमानं निवडला होता, मातीनं नाही. साच्याच्या तळाशी अंगठ्यानं माती दाबताना जाडी दिसत नाही. भिंती आठ मिलिमीटरच्या झाल्या आणि तळ बारा मिलिमीटरचे. चाकावर बसलेल्या माणसाला तळाची जाडी बोटाला कळते.

काचेसारखी झिलई द्यायची का, हाही प्रश्न होता, कारण झिलई नसलेल्या मातीत तूप मुरणार. तो आम्ही लवकर निकाली काढला. कमी तापमानाच्या झिलईत शिसं असू शकतं, खाण्याच्या भांड्याला ते नको. शिसं नसलेली झिलई द्यायची तर दुसरी भट्टी लागणार, आणि तेवढं तापमान मामांच्या लाकडाच्या भट्टीत धरून ठेवता येत नाही. कुंदा पळसाच्या पानात गुंडाळून आत ठेवायचा, असं ठरलं.

काय केलं

साच्यांचं गणित पहिल्याच आठवड्यात कोलमडलं. उन्हाळ्यात प्लास्टरचा साचा दिवसाला पाच-सहा नग देतो, कारण मधल्या वेळात तो उन्हात वाळतो. जुलैत तीन साच्यांतून दिवसाला मिळून चार नग निघायचे. तिसऱ्या दिवशी साचेच ओले झाले आणि माती चिकटून फाटू लागली. १८ गाडगी आणि १८ झाकणं पुरी व्हायला ५ ऑगस्ट उजाडला. मामांच्या शेडमध्ये फळ्यांवर गणपती होते, म्हणून गाडगी तिनं होस्टेलच्या खोलीत आणली. झाकणं वेगळ्या पाटावर, खिडकीशी, टेबलफॅनसमोर. त्या एका गोष्टीनं झाकणांचं काम संपलं. वाऱ्याकडची बाजू आधी आटली, मागची नंतर, आणि गोल झाकणं लंबगोल झाली. गाडगी खोलीच्या आतल्या कोपऱ्यात हळू वाळत होती, ती गोलच राहिली. दोन्ही सारखीच आटणार म्हणजे बसणारच, हे कागदावर बरोबर आहे. कागदावर पंखा नसतो.

मी तिला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, एक गाडगं रोज तोलत जा. वजन उतरायचं थांबलं की वाळलं समजायचं. तिनं ते चोख केलं. चौथ्या क्रमांकाच्या गाडग्याच्या या नोंदी:

४ ऑगस्ट, ओलं: ३९८ ग्रॅम. ९ ऑगस्ट: ३४१. १४ ऑगस्ट: ३३०. १७ ऑगस्ट: ३२६. १८ ऑगस्ट: ३२४.

शेवटच्या एका दिवसातही दोन ग्रॅम उतरलेच आहेत. वजन थांबलेलं नव्हतं. हे वाचायला शाळेतलं गणितही पुरतं, पण वाचलं कुणीच नाही. तिच्यासाठी ते सादरीकरणात लावायचं कोष्टक होतं आणि माझ्यासाठी गुण द्यायची एक बाब.

१९ ऑगस्टला मामा भट्टी लावणार होते. त्यानंतरची भट्टी चतुर्थी झाल्यावर. आमची ज्युरी २३ ऑगस्टला. त्या दुपारी निपाणी दोन खोक्यांत रद्दी पेपर कोंबून सगळा माल घेऊन लाल बसनं पोचली. भट्टीवर लाकडं लावणारा कन्नड बोलणारा एक गडी होता. त्यानं एक गाडगं उचलून गालाला लावलं. ओल्या मातीतलं पाणी उडताना उष्णता ओढून घेतं, म्हणून ती गालाला गार लागते. ही चाचणी फुकटची आणि फार खरी. तो म्हणाला, "हसी ऐती. तडी." ओलं आहे, थांब.

तिनं मला फोन केला. "मॅडम, मामा विचारायलेत, टाकू काय? तो दादा ओलं हाय म्हणतोय."

मी कॉपीच्या दुकानात रांगेत उभी होते. विचारलं, "वजन किती उतरतंय?" ती म्हणाली, "एक-दोन ग्रॅम." मी म्हटलं, "मग ठीक आहे. टाक."

या प्रकरणातला सगळ्यात महागडा निर्णय तो, आणि तो माझा होता. तिनं विचारलं होतं. वही तिच्या पिशवीत होती, मागची पानं उलटायला सांगायला मला अर्धा मिनिट लागला असता. ज्युरी चार दिवसांवर नसती तर मी तेच केलं असतं, असं मी स्वतःला सांगत असते.

भट्टीत काय झालं

मामांचा माल मे महिन्यातला, कडक वाळलेला. त्याला ते दोनेक तास बारीक आचेवर धूर देतात आणि मग जाळ वाढवतात. त्या मालाला तेवढं पुरतं. निपाणीच्या गाडग्यांना रात्रभर लागलं असतं.

चौथ्या क्रमांकाचं गाडगं काठाला चीर गेली म्हणून भट्टीत गेलंच नव्हतं. नंतर ते आम्ही प्रयोगशाळेच्या ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वजन थांबेपर्यंत वाळवलं. वजन आलं ३१५. म्हणजे भट्टीत गेलेल्या प्रत्येक गाडग्यात साधारण नऊ ग्रॅम पाणी होतं, आणि त्यातलं बरंचसं जाड तळात. एक ग्रॅम पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १.७ लिटर जागा मागते. नऊ ग्रॅमची पंधरा लिटर, म्हणजे मोठी बादलीभर वाफ, बारा मिलिमीटर मातीतून बाहेर पडायला वाट शोधत होती. वाट बारीक असेल आणि आच एकदम वाढली तर वाफ वाट करून घेते.

साडेसातच्या सुमाराला पहिला आवाज आला. निपाणी सांगते, फटाक्यासारखा नाही, नारळ फोडल्यासारखा. मग दर दोन-तीन मिनिटांनी एक. मामांनी लाकडं मागं ओढली, पण भट्टी काही गॅसची शेगडी नव्हे. आवाज मोजणं तिनं आठव्याला सोडलं.

दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली. भट्टीत गेलेल्या १७ गाडग्यांपैकी १० फुटली होती. बहुतेकांचे तळच उडाले होते, भिंती तशाच कड्यासारख्या उभ्या. उरलेल्या सातांपैकी तिघांवर झाकण बसलं, तेही थोडं फिरवून फिरवून. आणि उडालेल्या तुकड्यांनी शेजारची मामांची नऊ धुपाटणी फोडली होती, गणपतीच्या बाजारासाठी केलेली.

नुकसानीचं काय करायचं, हा प्रश्न आमच्या कुठल्याही अभ्यासक्रमात नाही. महाविद्यालयाच्या हिशेबात साहित्य, प्रवास, छपाई अशी शीर्षकं असतात, 'दुसऱ्याचं फुटलं' असं शीर्षक नसतं. धुपाटण्याला ४० रुपये, नऊ नग, ३६० रुपये. ते निपाणीनं स्वतःच्या खिशातून दिले, आणि मी नंतर निम्मे तिला दिले. मामांनी पैसे मोजून घेतले. 'राहू दे गे' म्हणून परत केले असते तर ऐकायला गोड गोष्ट झाली असती. त्यांनी घेतले हेच बरं झालं, कारण पुढच्या वेळी तिला तिथं मान खाली न घालता जाता आलं.

ज्युरी

तीन दिवस उरले होते. एका मैत्रिणीनं सुचवलं, शहापूरच्या बाजारातून तयार गाडगी आण, गेरू लाव, कुणाला कळतंय. निपाणी त्यावर एक रात्र विचार करत होती, हे तिनं मला खूप नंतर सांगितलं. नैतिकतेपेक्षा तिला झाकणांनी अडवलं. बाजारात आत बसणारं सपाट झाकण असलेलं एकही गाडगं मिळालं नसतं.

तिनं खापरं मांडली. जाडीप्रमाणं ओळी लावल्या: डावीकडं सहा मिलिमीटरचे तुकडे, उजवीकडं बारा. जाडी वाढत जाते तसा तुकड्यांचा आकार लहान होत जातो, हे पाच पावलांवरूनही दिसत होतं. त्याखाली वजनांचं कोष्टक, आता कुठं कुणीतरी वाचलेलं. ज्युरीतल्या एका बाहेरच्या परीक्षकानं बराच वेळ ते पाहिलं. दुसऱ्यानं विचारलं, "वस्तू कुठं आहे?" दोघांचंही बरोबर होतं. अडचण अशी की आमच्या गुणपत्रिकेत दुसऱ्याच्याच प्रश्नाला रकाना आहे.

मग भट्टीतून वाचलेल्या एका गाडग्यावर 'कुंदा' कन्नडमध्ये वर आणि मराठीत खाली का कोरलंय, की उलटं हवं होतं, यावर दहा मिनिटं गेली. सीमाभागातली ज्युरी, तिथं हे व्हायचंच. निपाणी गप्प उभी होती. भांड्याच्या तळाबद्दल एकूण प्रश्न दोन आले.

तिला शंभरात ५४ मिळाले. मी अंतर्गत गुण जास्त दिले नाहीत. 'टाक' मी म्हटलं होतं, ती भरपाई गुणांत केली असती तर ते तिच्यापेक्षा माझ्या सोयीचं झालं असतं.

दुसरी फेरी

डिसेंबरात ती पुन्हा खानापूरला गेली, या वेळी गुणांसाठी नाही. ऊन होतं. आधी तिनं मातीच्या पाच वड्या थापल्या, प्रत्येकीवर दहा सेंटिमीटरची रेघ ओढली, वाळवल्या, मामांच्या भट्टीत भाजल्या आणि मोजल्या. वर दिलेलं दहा टक्क्यांचं माप तेव्हाचं. ८ सेंटिमीटर हवं असेल तर ओलं ८.९ करायचं, ५.५ हवी असेल तर ६.१.

मग तिनं जो निर्णय घेतला त्यावर आमच्या स्टाफरूममध्ये अजून दोन तट आहेत. गाडगी चाकावर मामांनी काढली. तळ तिनं तासले, सहा मिलिमीटरवर आणून. परळ तिनं थापले, आणि गाडग्यांवर पालथे घालूनच वाळवले. अशी वस्तू 'स्वतःच्या हातची' म्हणायची का? एका सहकाऱ्यांचं म्हणणं, ही कारागिराची वस्तू, विद्यार्थिनीचं फक्त माप. मला वाटतं आमच्या नियमाचा अर्थच कच्चा होता. मुलांनी रेडिमेड आणू नये म्हणून तो केला, आणि त्यानं मुलीला चाक सोडून साच्याकडं ढकललं, साच्यानं तळ जाड केला. हात कुणाचा, हे विचारताना तो हात मातीला ओळखतो का, हे आम्ही विचारलंच नव्हतं.

भट्टीच्या दिवशी तिनं गडीदादाला एकेक गाडगं गालाला लावायला दिलं. मग स्वतः लावलं. धुराच्या वेळी वरच्या खापऱ्यांच्या फटीवर थंड पत्र्याचा तुकडा धरून पाहिला. पत्र्यावर दव धरत होतं तोवर जाळ वाढवू दिला नाही. चार तास लागले. मामा थोडे वैतागले, पण थांबले.

निकाल

बारापैकी अकरा निघाली, एकाला केसाएवढी चीर. मोहरी भरून माप घेतलं: २७० ते २८० मिलिलिटर. पाव किलो कुंदा बसून वर थोडी जागा राहते. परळ सगळ्यांवर सगळे बसतात, कुठलाही कुठल्याहीवर. जोडी लावायची गरज नाही, हा फायदा चित्र काढताना कुणालाच सुचला नव्हता. गाडग्याचं वजन २९० ग्रॅमवरून २१५ वर आलं.

बेळगावातल्या एका मिठाईच्या दुकानात तिनं पाच गाडगी ठेवली. मालकांनी हातात घेऊन पहिला प्रश्न वजनाचाच केला: पाव किलो कुंद्याबरोबर गिऱ्हाईक वर आणखी तीनशे ग्रॅम माती का न्यायची? परळ धरून भरतं खरं तेवढं. मुंबईच्या गाडीला जाणारं माणूस पाच खोकी नेतं, पाच गाडगी नेणार नाही. लग्नाच्या आहेरात मात्र चालेल म्हणाले, आणि वीस नग सांगितले. पळसाची पानं रोज कोण आणणार, म्हणून त्यांनी बटर पेपर घातला. तो निपाणीला पसंत नव्हता, पण दुकान त्यांचं.

आज पुन्हा केलं तर

पहिल्या वर्षाच्या क्रमात आम्ही बदल केला आहे. कागदाच्या घनाआधी, पहिल्याच आठवड्यात, मातीची वडी आणि दहा सेंटिमीटरची रेघ. साबणदाणी अजून कपाटात आहे, पण ती दाखवताना मी शेजारी ती लंबगोल झाकणं ठेवते. मातीचं काम दुसऱ्या सत्रात, जानेवारीनंतर न्यायचा अर्ज दिला आहे. त्यावर अजून उत्तर नाही.

कारागिरानं पहिल्या भेटीत दिलेला सल्ला नाकारायचा असेल तर नाकारायला हरकत नाही, पण त्याचं कारण लेखी द्यायचं, आणि ते कारण दिसण्याचं नसेल तरच पुढं जायचं, असं मी आता मुलांना सांगते. 'दिसायला जड' हे कारण मीच मान्य केलं होतं, त्यामुळं हे सांगताना मला फार जोर लावता येत नाही.

फोनवर निर्णय द्यायचा नाही, असंही मी ठरवलं होतं. ते टिकलं नाही. मार्चमध्ये चामड्यावर काम करणाऱ्या एका मुलानं फोन केला, आणि मी दिला. फक्त त्याआधी त्याला वहीची मागची तीन पानं मोठ्यानं वाचायला लावली.

तुपाचा प्रश्न सुटलेला नाही. बटर पेपर घालूनही तिसऱ्या-चौथ्या दिवशी तळाला डाग उमटतो. निपाणी सध्या तळ आतून घोटून पाहतेय, गुळगुळीत गारगोटीनं, माती अर्धी ओली असताना. पहिल्या खेपेतलं एक गाडगं दुकानाच्या गल्ल्याशेजारी वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ठेवलेलं असतं. मालक त्यात सुटे पैसे टाकतात. कागदावरचा तुपाचा गोल परवा मी पाहिला तेव्हा रुपयाएवढा होता.